बॅटरीखालचा गंज: साफ करूनही परत येतो तेव्हा

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पूड घासून काढली, वर ग्रीस फासलं, बॅटरी ज्यात बसते त्या ट्रेवरचा गंज खरवडून रंग मारला, आणि काही महिन्यांत सगळं होतं तसं परत आलं. ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की बऱ्याच गाडीमालकांनी ती बॅटरीसोबत येणारी कटकट म्हणून मान्य करून टाकली आहे. तशी मान्य करायची काही गरज नाही. बॅटरीखालचा पत्रा नीट राखला तर बाकीच्या पत्र्याइतकाच टिकतो. तो सडतो, कारण आपण दिसणारा गंज काढतो आणि गंजाचं कारण तिथेच सोडून देतो.

हे कारण बहुतेक वेळा ॲसिड असतं, काही वेळा नुसतं पाणी, आणि पुष्कळदा दोन्ही. त्यातलं कुठलं ते आधी शोधायचं आणि मगच ब्रश हातात घ्यायचा. आधी धुतलं तर पुरावाच वाहून जातो. म्हणून बॉनेट उघडल्यावर पहिलं काम म्हणजे कशालाही हात न लावता मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवणं. पूड कुठल्या टर्मिनलवर जास्त आहे, ओघळ कुठून कुठे गेलाय, ट्रेचा कुठला कोपरा सडलाय, हे नंतर आठवत नाही आणि नेमकं तेच लागतं.

ॲसिड बाहेर येतं कसं

गाडीतल्या नेहमीच्या बॅटरीचं मूळ तत्त्व 1859 मध्ये गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवलेल्या बॅटरीचंच आहे. शिशाच्या प्लेटा, आणि त्या बुडतील इतकं पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. पूर्ण चार्ज असताना या द्रावणात वजनाने एक तृतीयांशाहून थोडं जास्तच ॲसिड असतं. बॅटरी भरत आली की चार्जिंगची जास्तीची वीज पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बनवायला लागते. बुडबुडे वर येऊन फुटतात आणि फुटताना ॲसिडचे अगदी सूक्ष्म थेंब उडवतात. हे तुषार व्हेंटच्या भोकांतून बाहेर पडतात आणि जवळ जो धातू असेल त्यावर बसतात.

थेंबातलं पाणी उडून जातं, सल्फ्युरिक ॲसिड मात्र उडत नाही. उलट ते हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे ट्रेच्या कोपऱ्यात गेलेला थेंब वाळून निरुपद्रवी होत नाही. तो तिथे ओलसर, चिकट राहतो आणि रंगाला कुठे बारीकशी चीर सापडली की पत्र्यापर्यंत पोचतो. लोखंडाशी संयोग होऊन आयर्न सल्फेट तयार होतं. पुढे हवा आणि ओल मिळाली की या सल्फेटचं रूपांतर गंजात होतं आणि ते होताना ॲसिड पुन्हा मोकळं होतं. मोकळं झालेलं ॲसिड पुढचं लोखंड खातं. म्हणजे गंजाच्या थराखाली हे चक्र बाहेरून एकही नवा थेंब न येता चालू राहू शकतं.

रंगाखाली फोड येण्याचं कोडं इथे सुटतं. वरवरचा गंज निघालेला असतो, पण पत्र्याच्या खळग्यांत सल्फेट बसलेलं असतं, आणि त्यावर आपण रंगाचं झाकण बसवतो. ट्रेवर केलेलं रंगकाम फुकट जातं तेव्हा लोक रंगाच्या डब्याला दोष देतात. माझ्या मते दहातल्या नऊ वेळा दोष रंगाखाली राहिलेल्या ॲसिडचा असतो.

पुडीचा रंग आणि जागा काय सांगतात

राखाडी-पांढरी पूड म्हणजे मुख्यतः लेड सल्फेट. शिशाच्या पोस्टवर (बॅटरीतून वर आलेल्या खुंटावर) किंवा त्यावर केबल धरणाऱ्या शिशाच्या क्लॅम्पवर ॲसिड पोचल्याची ती खूण. निळसर-हिरवी पूड दिसली तर ॲसिड तांब्यापर्यंत गेलं आहे, म्हणजे पितळी क्लॅम्प किंवा केबलची तार खाल्ली जाते आहे. हे जास्त गंभीर, कारण शिशाचा क्लॅम्प घासून वापरता येतो, आतून हिरवी पडलेली केबल सहसा वाचत नाही. लालसर-तपकिरी म्हणजे लोखंडाचा गंज, तो बॅटरी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या बोल्टवर आणि ट्रेवर दिसेल. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं असेल तर पांढरी पूड त्याचीही असू शकते, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका.

जागा जास्त बोलते. पूड पोस्टच्या मुळाशी, प्लॅस्टिकमधून पोस्ट बाहेर येतो तिथे गोल कडं करून साचली असेल, तर पोस्टचं सील फुटलं आहे. क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवला, नट अतोनात आवळला किंवा केबलला पीळ देऊन टर्मिनल फिरवलं की हे सील जातं. मग ॲसिड केशाकर्षणाने पोस्टवर चढत राहतं, आणि त्यावर कितीही ग्रीस लावलं तरी ते थांबत नाही. अशी बॅटरी बदलणं हाच उपाय आहे. पूड झाकणांच्या भोवती असेल तर पाणी जास्त भरलंय किंवा चार्जिंग जास्त होतंय. आणि वरून बॅटरी कोरडी, स्वच्छ असूनही ट्रे खालून सडत असेल, तर बॅटरीची पेटी तळाशी चिरली आहे का ते पाहा. ट्रेमध्ये अडकलेला एखादा खडा किंवा आडवा पडलेला बोल्ट धक्क्याधक्क्याने पेटीचा तळ फोडू शकतो.

सोड्याच्या थेंबाची चाचणी

ॲसिड की पाणी, हे ठरवायला महागडं काहीच लागत नाही. चमचाभर खाण्याचा सोडा अर्धा ग्लास पाण्यात ढवळायचा आणि ड्रॉपरने एकेक थेंब गंजावर सोडायचा. सुरुवात ट्रेच्या सर्वांत वरच्या डागापासून. थेंब टेकताच बारीक चुरचुर आवाज येऊन पांढरा फेस फुगला आणि त्याच्या कडेला मळकट तपकिरी वलय धरलं, तर तिथे ॲसिड आहे. थेंब नुसताच पसरला, गंजाचा रंग गडद झाला आणि पुढे काही घडलं नाही, तर तिथलं काम पाण्याचं आहे.

एकाच जागी थेंब टाकून थांबू नका. पोस्टखालची पेटीची बाजू, पट्ट्याच्या बोल्टचं मूळ, ट्रेचे चारही कोपरे, ट्रेखालचा चॅसीचा भाग, आतल्या मडगार्डचा पत्रा, सगळीकडे एकेक थेंब टाकत जा. फेस जिथे जिथे येतो त्या जागा जोडल्या की ॲसिडचा ओघळ कुठून निघून कुठवर गेलाय त्याचा नकाशाच मिळतो. बऱ्याचदा कळतं की आपण ट्रेवरच घासत बसलो होतो आणि खरी खराबी हातभर खाली, ट्रेच्या बोल्टमधून झिरपून चॅसीवर झाली आहे.

मल्टिमीटर बाहेर काढा

साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. गाडी काही तास बंद राहिल्यावर दोन्ही पोस्टमध्ये 12.6 ते 12.7 च्या आसपास आकडा यायला हवा. 12.4 म्हणजे साधारण पाऊण भरलेली. 12.0 किंवा कमी म्हणजे जवळपास रिकामी. गाडी नुकतीच चालवली असेल तर आकडा फसवा जास्त येतो, तेव्हा थांबून मोजा.

आता इंजिन चालू करून, थोडा ॲक्सिलरेटर देऊन मोजा. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 दिसतं. सतत 14.8 च्या वर राहत असेल तर बॅटरी ओव्हरचार्ज होते आहे. आतलं पाणी उकळल्यासारखं फसफसतं आणि तुषार बाहेर पडत राहतात. तुमची अडचण हीच असेल तर साफसफाईचा काही उपयोग नाही, आधी बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर, म्हणजे त्याचं व्होल्टेज आवरणारा भाग, बघून घ्या. अलीकडच्या गाड्यांत संगणक गरजेप्रमाणे व्होल्टेज वरखाली करतो, तिथे थोडा वेळ 15 च्या जवळ किंवा 13 च्या खालीही आकडा जाऊ शकतो. म्हणून अशा गाडीत एकदाच मोजून रेग्युलेटरला दोषी ठरवू नका.

ओव्हरचार्जिंगचं कारण कधीकधी खुद्द गंजच असतो. काही गाड्यांत रेग्युलेटर बॅटरीचं व्होल्टेज वेगळ्या वायरीने वाचतो. त्या वायरीचं किंवा अर्थचं (निगेटिव्ह बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या वायरीचं) टोक गंजलं की त्याला व्होल्टेज खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं, आणि तो चार्जिंग वाढवतो. वाढलेल्या चार्जिंगने तुषार वाढतात आणि त्यांनी टोकं आणखी गंजतात. अशा गाडीत रेग्युलेटर बदलूनही त्रास तसाच राहिलेला असतो, आणि अर्थची वायर साफ केल्यावर आकडा जागेवर येतो.

सेल्फ मारताना गाडी जड उठते, नुसता टक-टक आवाज येतो, दिवे मंद होतात, पण बॅटरी तर भरलेली आहे, अशा वेळी सांध्यात व्होल्टेज किती पडतं ते मोजायचं. मीटरचं एक टोक पोस्टच्या मधोमध शिशावर, दुसरं क्लॅम्पच्या धातूवर. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. आकडा जवळजवळ शून्य हवा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त आला तर तो सांधा खराब आहे, वरून कितीही चकचकीत दिसो. मग एक टोक निगेटिव्ह पोस्टवर आणि दुसरं इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर ठेवून तेच करा. इथे 0.2 ते 0.3 च्या वर गेलं तर अर्थची केबल किंवा तिची टोकं बघायला हवीत.

आणखी एक मोजणी मला फार आवडते, कारण तिने डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दिसते. मीटरचं काळं टोक निगेटिव्ह पोस्टवर धरा आणि लाल टोक बॅटरीच्या प्लॅस्टिकच्या झाकणावरून हळूहळू पॉझिटिव्हकडे ओढत न्या. प्लॅस्टिकवर खरं तर काहीच दिसायला नको. पण धूळ आणि ॲसिडची ओल मिळून थर बसला असेल तर आकडा हलतो, आणि टोक पॉझिटिव्हच्या जवळ जाईल तसा चढत जातो. या थरातून दिवसरात्र थोडी थोडी वीज वाहते आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरायला हेही एक कारण असतं.

पाणी येतं कुठून

सोड्याच्या थेंबाला फेस आला नाही तर पाण्याच्या मागे लागा. कित्येक गाड्यांत बॅटरी पुढच्या काचेखालच्या पन्हाळीजवळ असते. त्या पन्हाळीची तोंडं पालापाचोळ्याने बुजली की पाणी बॅटरीच्या कप्प्यात उतरतं. ट्रेलाही तळाशी निचऱ्याचं भोक असतं, ते मातीने बंद झालं की बॅटरी डबक्यात बसलेली असते. तार घालून ते मोकळं करा आणि मगभर पाणी ओतून ते खाली कुठे पडतं ते वाकून बघा. भोकातून पाणी निघालं पण नळी निसटलेली असल्याने चॅसीच्या पोकळीत गेलं, तर गंज नुसता एक मजला खाली सरकतो. वायपरच्या पाण्याची टाकी शेजारी असेल तर तिच्या नळीची गळतीही तपासा. इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुण्याची सवय असेल तर पाण्याचा स्रोत तीच समजा. आणि गाडी समुद्राजवळ किंवा बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालत असेल तर या सगळ्याचा वेग वाढतो.

बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असलेल्या गाड्यांत व्हेंटची नळी असते, ती वायू गाडीबाहेर सोडते. बॅटरी बदलताना ती परत जोडायची राहते, असं फार वेळा होतं. मग तुषार आणि हायड्रोजन बंद कप्प्यातच राहतात. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो, तेव्हा हे फक्त गंजापुरतं नाही. अशा बॅटरीला सहसा दोन बाजूंना व्हेंट असतात. एकाला बूच, दुसऱ्याला नळी. दोन्ही उघडी असतील तर नळी असूनही अर्धे तुषार कप्प्यातच जाणार.

काढताना

चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, कपडे जुने घाला. सुती कपड्यावर ॲसिड पडलं तर लगेच कळत नाही, पुढच्या धुण्यात भोकं पडतात. ॲसिड कातडीवर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर निदान 15 ते 20 मिनिटं साध्या पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरकडे जा. डोळ्यात सोड्याचं पाणी घालायचं नाही. पूड शिशाची असल्याने ती कोरडी घासून उडवू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच नको. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलच्या वाटेला जाऊ नका, इथे सगळं फक्त 12 व्होल्टच्या बॅटरीबद्दल आहे.

काढायच्या आधी स्टिरिओला कोड लागतो का ते पाहून घ्या. डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल आणि बॅटरी आतच असेल तर डिकी बंद करू नका. निगेटिव्ह आधी काढायची, लावताना ती शेवटी लावायची. कारण साधं आहे. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवर पाना लावला आणि तो चुकून बॉडीला टेकला, तर पूर्ण बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते.

क्लॅम्प अडकला असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. नट ढिला करून क्लॅम्पच्या फटीत पातं हलकेच फिरवा, म्हणजे तो मोकळा होतो. नाहीच निघाला तर टर्मिनल पुलर वापरा. निगेटिव्हच्या क्लॅम्पवर छोटी डबी असेल तर तो करंट मोजणारा सेन्सर आहे, त्याला जोर लावू नका, त्यावर पाणीही ओतू नका. पॉझिटिव्हवर फ्यूजचा बॉक्स असेल तर त्यालाही हेच लागू. बॅटरी 10 ते 20 किलोची असते, ती सरळ उभी उचला.

ॲसिड मारणं

बॅटरी बाहेर काढल्यावर तिची झाकणं बंद आहेत याची खात्री करा. सोडा सेलमध्ये गेला तर आतलं ॲसिड मरतं आणि बॅटरी बिघडते. सोड्याचं पाणी बाटलीतून थोडं थोडं सोडत, जुन्या दातांच्या ब्रशने कोपरे घासा. फेस आला, विरला, पुन्हा पाणी घाला. काम कधी संपलं हे घड्याळावर ठरत नाही, ताज्या थेंबाला फेस येईनासा झाला की संपलं. जाड गंज असेल तर पहिल्या फेरीत फक्त वरचा थर शांत होतो. म्हणून धुवा, सैल पापुद्रे खरवडा, पुन्हा सोडा घाला. हे ज्यांनी एकदाच करून सोडलं त्यांच्याच ट्रेवर फोड परत येतात.

पूड घालवायला कोल्ड्रिंक ओतायची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. पूड तिने निघतेही. पण कोल्ड्रिंक स्वतः आम्लधर्मी आहे, तिने ॲसिड मरत नाही, वर साखरेचा चिकटा राहतो. उकळतं पाणीही पूड विरघळवतं आणि ॲसिड फक्त पातळ करून खालच्या पत्र्यावर नेतं. मी तरी दोन्ही वापरणार नाही.

शेवटी भरपूर साध्या पाण्याने सगळं धुवा. राहिलेला सोडाही पुढच्या कामात अडथळा आणतो, कारण नंतर लावायचा रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज स्थिर करणारा द्रव, आम्लधर्मी असतो आणि सोड्याने तो निकामी होतो. मग पूर्ण कोरडं होऊ द्या. सांध्यांत ओल राहते, तिथे हेअर ड्रायर फिरवा.

पत्र्याचं काम

ट्रे बोल्टने बसवलेला असेल तर सरळ काढा. खालची बाजू बघितल्याशिवाय वरून रंग मारण्यात अर्थ नाही. फार सडला असेल तर नवा ट्रे बसवणं सोपं. ट्रे वेल्ड केलेला असेल तर जागेवरच काम करावं लागेल.

आधी पत्र्याची ताकद तपासा. जाड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गंजलेल्या जागी दाबत जा. टणक लागलं तर ठीक. टोक रुतलं, पत्रा चुरचुरला किंवा आरपार गेलं, तर रंगाचा विषय संपला. भोकावर फायबर किंवा लांबी भरून रंग मारला की ते झाकलं जातं आणि आत सडणं चालूच राहतं. विशेषतः ट्रेखाली चॅसीचा लांब दांडा किंवा सस्पेन्शनचा माथा असेल तर तो भाग गाडीचं वजन आणि धक्के पेलतो. तिथे सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं हाच मार्ग, आणि ते काम जाणत्या माणसाला द्या. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी काढलेली असू द्या आणि गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सची काळजी घ्यायला आठवणीने सांगा.

पत्रा टणक असेल तर तारेच्या ब्रशने सगळे पापुद्रे काढा, मग 80 नंबरचा आणि नंतर 180 चा पॉलिश पेपर, पेपर ओला ठेवूनच. गंजाच्या कडेला रंग फुगलेला असतो, तो घट्ट रंग लागेपर्यंत मागे खरवडत जा. फुगलेल्या रंगाखाली गंज नेहमी दिसतो त्यापेक्षा पुढे गेलेला असतो. शेवटी चकाकणारा पत्रा आणि त्यात काळपट ठिपके असं दिसेल. हे ठिपके म्हणजेच खळगे, सल्फेट राहण्याची जागा. इथे सोड्याच्या पाण्याची आणखी एक फेरी, मग पाणी, मग पूर्ण कोरडं.

रस्ट कन्व्हर्टर आता लावा, आणि तोही या खळग्यांपुरताच. फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडवर आधारलेला हा द्रव गंजाचं रूपांतर काळ्या, स्थिर थरात करतो. त्याला गंज लागतो, स्वच्छ पत्र्यावर त्याचं काही काम नाही. सैल पापुद्र्यांवर लावला तर पापुद्रा काळा होतो आणि त्याच्यासकट निघून येतो. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, बहुतेकांना एक दिवस लागतो.

प्रायमर दोन भागांचा, हार्डनर मिसळायचा इपॉक्सीच घ्या. गंजाला जस्ताचा प्रायमर उत्तम असं सांगितलं जातं, आणि गाडीच्या इतर भागांसाठी ते खरंही आहे. पण जस्त सल्फ्युरिक ॲसिडमध्ये चटकन विरघळतं, तेव्हा बॅटरीखाली ते चुकीचं. इपॉक्सीचे दोन हात, कडा आणि बोल्टची भोकं ब्रशने नीट भरून, त्यावर टॉपकोट. गाडीच्या खालच्या बाजूला मारतात ते काळं डांबरी कोटिंग इथे नको. त्याखाली ओल शिरली तर बाहेरून काहीच कळत नाही. ट्रेच्या खालची पोकळी मात्र मेणाच्या स्प्रेने भरून घेतलेली चांगली.

केबल, क्लॅम्प आणि परत बसवणं

केबल क्लॅम्पजवळ बोटांनी वाकवून बघा. मऊ असेल तर ठीक. कडक झाली असेल, फुगीर लागत असेल किंवा वाकवताना आत करकर जाणवत असेल, तर इन्सुलेशनखाली तांबं हिरवं पडलं आहे. टोक थोडं सोलून बघा, चमकती तार दिसेपर्यंत कापता आली आणि लांबी पुरली तर नवं टोक दाबून बसवा. नाहीतर केबल बदला. अर्थची केबल जिथे बॉडीला आणि गिअरबॉक्सला बोल्टने जोडली आहे ती दोन्ही टोकं उघडून, खालचा धातू चमकेपर्यंत घासा. हा भाग बहुतेक जण विसरतात.

पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू टर्मिनल ब्रशने फक्त राखाडी चकाकी येईपर्यंत घासा, जास्त नको. शिसं मऊ आहे, खूप घासलं तर क्लॅम्प सैल बसतो. बॅटरी ठेवायच्या आधी ट्रेमध्ये प्लॅस्टिकची किंवा रबरी चटई घाला, निचऱ्याचं भोक झाकलं जाणार नाही अशी. पट्टा घट्ट असावा. हाताने हलवल्यावर बॅटरी हलता कामा नये, पण पेटी दबेल इतकंही आवळू नका. क्लॅम्प हाताने दाबून पोस्टच्या मुळापर्यंत बसवा आणि नट बेताने आवळा, साधारण 5 ते 6 न्यूटन मीटर पुरतं. पेट्रोलियम जेली किंवा टर्मिनलचा स्प्रे लावायचा तो सांधा आवळून झाल्यावर, बाहेरून. पोस्टच्या मुळाशी फेल्टचं वॉशर आधीच घालून ठेवा.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड कधीच नाही. आणि पाणी चार्ज झाल्यानंतर भरा. चार्ज होताना पातळी वर येते, आधीच काठोकाठ भरलेली बॅटरी तेवढं बाहेर सांडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील इतकंच आधी घाला, बाकीचं नंतर. हायड्रोमीटर, म्हणजे द्रावणाची घनता मोजणारं साधन, असेल तर पूर्ण चार्जला प्रत्येक सेलमध्ये 1.26 ते 1.28 दिसायला हवं. एकच सेल बराच मागे असेल तर बॅटरी संपत आली आहे.

पुढच्या तपासणीत काय बघायचं

महिन्याभराने बॉनेट उघडा, फोटो समोर ठेवा, आणि सोड्याचा एक थेंब ट्रेच्या त्याच कोपऱ्यात टाका. फेस नाही, पूड नाही, तर पुढची तपासणी दर सर्व्हिसिंगला पुरेल. पूड फक्त पोस्टच्या मुळाशी परत आली तर सील गेलेलंच होतं, बॅटरी बदला. झाकणांभोवती ओल आली तर चार्जिंगचं व्होल्टेज पुन्हा मोजा, या वेळी हेडलाइट आणि एसी चालू-बंद करून, इंजिन तापल्यावरही. पेटीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या तर चार्जिंग किंवा उष्णता हाताबाहेर गेली आहे, अशी बॅटरी वापरू नका. आणि रंगावर फोड आला पण आजूबाजूला ॲसिडचा मागमूस नाही, तर तो एकच फोड उघडा. खाली काळा ठिपका सापडेल. तेवढीच जागा सोड्यापासून पुन्हा करा, सगळा ट्रे खरवडायची गरज नाही.